जू सोयीचे आहे का? रोजच्या नात्यांत ख्रिस्ती ममता आचरणाऱ्या नवागतांसाठी

पोळ्याच्या आदल्या दिवशी खानदेशातल्या गावांत बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जेथे जू बसते, तेथे हळद आणि तूप लावून हलक्या हाताने चोळतात. माझे वडील हे काम दुसऱ्या कोणाला करू देत नसत. तूप लावण्यापूर्वी ते सगळा खांदा बोटांनी चाचपून पाहत: कातडी कुठे घट्ट झाली आहे, केस कुठे गेले आहेत, हात लागताच बैल मान कुठे काढून घेतो. एखाद्या वर्षी खांदा आलेला, म्हणजे जुवाने घासून सुजलेला, सापडला, तर ते बैलाला नावे ठेवत नसत. जू उलटे करून त्याची खालची बाजू पाहत आणि पोळा होताच ते सुताराकडे नेत.

पुढे मी शाळेत शिक्षक झालो, घरची थोडी कोरडवाहू जमीनही सांभाळली आणि आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बरीच वर्षे बायबलचा वर्ग घेतला. वर्गात नव्याने येणारी माणसे, मग तो नुकताच बाप्तिस्मा घेतलेला तरुण असो किंवा ख्रिस्ती घरातच वाढून आता स्वतःच्या मनाने विश्वासाकडे वळलेली सून असो, एकच अडचण निरनिराळ्या शब्दांत सांगतात. प्रार्थना जमते, उपासना आवडते, पण घरातल्या आणि कामावरच्या माणसांशी ख्रिस्ताच्या अनुयायाला शोभेल असे वागणे जमत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे. यातल्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच चढाव्यात, विशेषतः दुसरी पायरी गाळू नये, कारण माझ्या अनुभवात बहुतेक माणसे तीच गाळतात आणि पुढे सगळीकडे अडखळतात.

पहिली पायरी: शब्दाचा अर्थ नीट समजून घ्या

मराठी बायबलात या गुणासाठी, म्हणजे दुसऱ्याशी मायेने वागण्यासाठी, वेगवेगळे शब्द येतात. गलतीकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात आत्म्याच्या फळाचे वर्णन करताना 'ममता' हा शब्द आहे. इफिसकरांस पत्रात (4:32) एकमेकांशी 'उपकारी व कनवाळू' व्हा असे सांगितले आहे, तर करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 13व्या अध्यायात प्रीती 'सहनशील आहे, परोपकारी आहे' असे म्हटले आहे. हे सगळे शब्द चांगले आहेत, परंतु मराठी माणसाच्या मनात प्रत्येकाला एकेक जुनी सावली चिकटलेली आहे आणि नवागताने ती ओळखून घेतलेली बरी.

'ममता' या शब्दात 'मम' आहे, म्हणजे माझेपणा आहे. आपल्याकडे आईची लेकरावर ममता असते. संतांच्या वाणीत तर मोह आणि ममता एका दमात येतात आणि दोन्ही सोडायला सांगितले जाते. त्यामुळे आपल्यांपुरती माया दाखवली की ममता पुरी झाली, असे नकळत वाटू लागते. 'उपकार' शब्दाची अडचण उलटी आहे. उपकार करणारा वर आणि घेणारा खाली, अशी उतरंड तो शब्द उच्चारताच तयार होते. उपकाराचे ओझे होते, ते फेडावे लागते, आणि कोणी ते बोलून दाखवले तर माणूस जन्मभर विसरत नाही.

मूळ ग्रीक भाषेत मात्र या तिन्ही ठिकाणी एकाच मुळातून निघालेले शब्द आहेत आणि त्या मुळाचे विशेषण 'ख्रेस्तोस' असे आहे. हेच विशेषण मत्तयाच्या शुभवर्तमानात (11:30) येशूच्या तोंडी येते, पण तेथे ते माणसाचे नसून वस्तूचे आहे: 'माझे जू सोयीचे व माझे ओझे हलके आहे.' मला हा 'सोयीचे' शब्द सगळ्यांत उपयोगी वाटतो. जू सोयीचे म्हणजे ज्याच्या मानेवर ते ठेवायचे त्याच्या मानेच्या मापाचे, न घासणारे, न काचणारे. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर याने लिहून ठेवले आहे की, येशू सुतारकाम करीत असताना नांगर आणि जू तयार करीत असे. हे खरे असेल, तर जनावराचा खांदा पाहून लाकूड तासणे म्हणजे काय, हे त्याला हाताने ठाऊक होते. त्याच शतकाच्या अखेरीस उत्तर आफ्रिकेतील कार्थेजच्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने नोंदवले आहे की, ख्रिस्ती लोकांचा द्वेष करणाऱ्यांना त्यांचे नावही नीट उच्चारता येत नसे. ते 'ख्रिस्तियानी'ऐवजी 'ख्रेस्तियानी' म्हणत आणि त्या चुकीच्या उच्चाराचाही अर्थ गोडवा व चांगुलपणा असाच होई.

म्हणून या लेखापुरती व्याख्या अशी धरावी: माझ्याबरोबर जुंपल्या गेलेल्या माणसाला माझा सहवास काचू नये, यासाठी मी स्वतःला तासून घेणे. नाते म्हटले की ओझे आलेच. संसार, शेती, दुकान, मंडळी यांत कोणी कोणाबरोबर जुंपलेलाच असतो. जू काढून टाकणे आपल्या हाती नसते, पण त्याची खालची बाजू गुळगुळीत करणे आपल्या हाती असते.

दुसरी पायरी: आठवडाभर केवळ पाहा

पहिल्या आठवड्यात काहीही सुधारू नये. नवा उत्साह असतो, त्यामुळे माणूस दुसऱ्याच दिवशी मिठाई घेऊन शेजाऱ्याकडे जातो, आईच्या पाया पडतो, आणि आठ दिवसांत सगळे पूर्ववत होते. त्याऐवजी एक साधी वही घ्यावी आणि तीन माणसे निवडावीत. एक घरातले असावे. एक असे, की जे आपल्या हाताखाली काम करते किंवा आपल्याला सेवा पुरवते. आणि एक असे, की जे समोरून येताना दिसले तर आपण रस्ता बदलतो. रोज रात्री प्रत्येकाविषयी एक-दोन ओळी लिहाव्यात: आज माझा सहवास या माणसाला कुठे काचला असेल? आवाज, घाई, उशीर, विसरणे, पैसे, थट्टा, मौन, जे असेल ते लिहावे. कारण लिहू नये. कारण लिहू लागलो की वही वकिलाची होते.

आठवड्याच्या शेवटी घरातल्या माणसाला एकच प्रश्न विचारावा: 'माझ्या कोणत्या वागण्याचा तुम्हाला सगळ्यांत जास्त त्रास होतो?' उत्तर मिळाले की 'सांगितलेत ते बरे झाले' एवढेच म्हणावे. खुलासा करू नये, हसण्यावारी नेऊ नये, लगेच क्षमाही मागू नये. लगेच मागितलेली क्षमा पुष्कळदा विषय संपवण्यासाठी असते. समोरचे माणूस 'काही नाही' म्हणाले, तर आग्रह न करता पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारावे. ज्या घरात असा प्रश्न कधी विचारलाच गेलेला नाही, तेथे पहिल्याच वेळी खरे उत्तर मिळण्याची अपेक्षा करू नये.

मी हा प्रश्न पत्नीला विचारला, तेव्हा माझी मुले लहान होती. ती बराच वेळ पापडाच्या पिठाला तेलाचा हात लावत राहिली आणि मग म्हणाली, 'ओट्यावर तुमच्या चपलांचा आवाज आला, की मी आधी मुलांना गप्प करते.' मी मुलांना कधी मारलेले नव्हते. शाळेतून दमून येतो, घरात शांतता असते, घराला वळण आहे, असेच मला वाटत होते. ती शांतता कोण आणि कशासाठी राखत होते, ते मला त्या दिवशी कळले.

तिसरी पायरी: घरापासून सुरुवात करा

घरातल्या ममतेची पहिली जागा जीभ आहे. येथे खानदेशातल्या नवागतांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपली बोली रांगडी आहे. अहिराणीत मोठ्या माणसांशीही पुष्कळदा एकेरीतच बोलतात आणि त्यात अनादर नसतो. 'जेवन व्हयनं का?' या तीन शब्दांत जेवढी विचारपूस असते, तेवढी पुस्तकी भाषेतल्या लांबलचक वाक्यातही असेलच असे नाही. त्यामुळे ममता शिकायची म्हणून बोली सोडून गुळगुळीत भाषा बोलू लागणे, हा बदल मुळीच आवश्यक नाही. तपासायचे ते एवढेच, की आपल्या वाक्यानंतर समोरच्याचा चेहरा मिटतो की उघडतो.

दोन सवयी लावून घ्याव्यात. घरात पाऊल टाकल्यावर आपले पहिले वाक्य तक्रारीचे किंवा हुकमाचे नसावे. 'पाणी द्या', 'पंखा कोणी बंद केला', 'अजून दिवा लावला नाही का' ही वाक्ये दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकावर आली तरी काही बिघडत नाही. वैशाख-जेठात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा उन्हातून आलेल्या माणसाचे डोके तापलेले असते हे खरे आहे. अशा वेळी हातपाय धुऊन, पाणी पिऊन, थोडे टेकून मग बोलावे. दुसरी सवय नीतिसूत्रांच्या 15व्या अध्यायातली आहे: मृदू उत्तराने कोपाचे निवारण होते. मृदू उत्तर म्हणजे खोटे उत्तर नव्हे. 'नाही' म्हणायचे असेल तर 'नाही'च म्हणावे, पण ते एकदाच आणि हळू आवाजात म्हणावे.

यानंतर ताटाकडे पाहावे. आपल्याकडे भाकरी करणारी बाई बहुधा सर्वांत शेवटी जेवते, आणि कळण्याची गरम भाकरी इतरांच्या ताटात पडून गार झालेली तिच्या वाट्याला येते. प्रेमावर प्रवचन देण्यापेक्षा आठवड्यातून तीन दिवस तिला आधी बसवून बाकीच्यांनी वाढावे. सासू-सुनेच्या घरात हे पुरुषांनी सुरू करावे, सुनेवर सोपवू नये; तिने स्वतः आधी बसायचे ठरवले तर बोल तिलाच लागतो.

वृद्ध आईवडिलांच्या बाबतीत एकच सांगतो. तीच गोष्ट ते दहाव्यांदा सांगत असतील, तर 'हे सांगून झाले' असे म्हणू नये. त्या गोष्टीतला एखादा तपशील विचारावा: ती गाय कोणाकडून आणली होती, त्या वर्षी गिरणेला पूर आला होता का. गोष्ट ऐकणाऱ्याला कंटाळा येतो कारण तो नुसता ऐकत असतो.

ज्यांचे माहेर किंवा एकत्र कुटुंब ख्रिस्ती नाही, अशा नवागतांची परीक्षा सणावाराला होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, घरोघरी पुरणपोळी आणि आमरस होतो. 'आता मी विश्वासात आहे' म्हणून त्या दिवशी माहेरी जाणेच टाळणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि वर्षभर दाराकडे पाहत बसलेल्या त्यांच्या आयाही पाहिल्या आहेत. जावे. पुरण वाटावे, खापरावरचे मांडे करताना आईच्या शेजारी बसावे, लहानांना झोका द्यावा. एखाद्या पूजेत आपल्याला भाग घेता येणार नसेल, तर ऐन वेळी सर्वांसमक्ष उठून जाण्याऐवजी आदल्या दिवशी आईला एकटीला गाठून सांगावे, म्हणजे चार पाहुण्यांत तिची मान खाली जाणार नाही. घरच्यांच्या श्रद्धेविषयी उणा शब्द काढू नये. पेत्राच्या पहिल्या पत्रात (3:1) शब्दांवाचून, केवळ वर्तनाने मन जिंकण्याचा उल्लेख आहे. पण माणसाला ओढून आणण्यासाठी ममतेचा गळ करू नये, हेही मी येथे ठामपणे सांगतो. गळाला लावलेला घास माशाला ओळखू येत नाही. माणसाला ओळखू येतो.

चौथी पायरी: ज्यांच्यावर आपली सत्ता चालते त्यांच्याकडे वळा

ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो. बरोबरीच्या माणसाशी चांगले वागण्यात थोडा स्वार्थ असतो, कारण तोही आपल्याशी चांगले वागू शकतो. सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी), कापूस वेचणाऱ्या बाया, धुणीभांडी करणारी मावशी, हॉटेलात पाणी आणून ठेवणारा पोरगा, यांना आपल्याला उलट बोलता येत नाही. जू कुठे काचते आहे, हे ज्याला बोलता येत नाही, त्याचा खांदा आपणच चाचपून पाहावा लागतो.

सुरुवात पैशापासून करावी. लेवीय 19:13 मध्ये आज्ञा स्पष्ट आहे की, मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये. आपल्याकडे कापसाची वेचणी किलोवर असते. तेव्हा वजन करताना बाईला काटा दिसेल अशा जागी तो ठेवावा, आकडा मोठ्याने वाचावा, आणि मजुरी त्याच संध्याकाळी द्यावी. आठवड्याने द्यायचे ठरले असेल, तर बाजाराच्या दिवसाआधी द्यावी. बाजार उलटून गेल्यावर हातात आलेल्या पैशाने त्या आठवड्याची भाजी आणि तेल आणता येत नाही. सालदाराचे साल आखाजीला ठरते. त्या दिवशी उचलीचा हिशेब त्याच्यासमोर, त्याला समजेल असा वाचून दाखवावा आणि लिहिलेल्या कागदाची एक प्रत त्याच्याकडे द्यावी. त्याला वाचता येत नसेल, तर त्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलीला बोलावून तिच्याकडून वाचून घ्यावे.

हे मी स्वतः चूक करून शिकलो आहे. एका वर्षी व्यापाऱ्याकडून कापसाचे पैसे यायला उशीर झाला, म्हणून एका वेचणाऱ्या बाईला मी 'उद्या ये' म्हणालो. ती आली, तेव्हा सुट्टे नव्हते. पुन्हा आली, तेव्हा मी वर्गाची तयारी करीत होतो. पाठ होता याकोबाच्या पत्राचा. चौथ्या दिवशी ती आलीच नाही. चौकशी केली तेव्हा कळले की, तिच्या मुलाला ताप होता आणि तिने घरातले पितळी भांडे गहाण ठेवून औषध आणले होते. रक्कम इतकी लहान होती, की माझ्या खिशात ती त्या तिन्ही दिवशी होती. मी पैसे घेऊन तिच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. ती म्हणाली, 'असू द्या गुरुजी, तुमचे पैसे बुडत नाहीत, हे मला माहीत होते.' मला बरे वाटावे म्हणून ती तसे बोलत होती. मुलगा आजारी तिचा, भांडे गहाण तिचे, आणि सांभाळून घ्यायचे मला. त्या याकोबाच्या पत्रातच लिहिले आहे (2:15-16) की, उघड्या आणि उपाशी भावाला नुसते 'सुखाने जा, ऊब घ्या व तृप्त व्हा' म्हणून काय लाभ? भांडे मी सोडवून आणले, पण ते तीन हेलपाटे मला परत घेता आले नाहीत.

पैशानंतर पाणी आणि कप. शेतावर किंवा घरी मजुरांसाठी वेगळा कप, फुटका ग्लास किंवा वरून पाणी ओतण्याची चाल अजून कुठे चालू असेल, तर ती त्याच दिवशी बंद करावी. याविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांची वाट पाहू नये. प्रभुभोजनात ज्या हातांनी भाकर आणि प्याला घेतो, त्याच हातांनी दुसऱ्याचा कप वेगळा ठेवता येत नाही.

देताना कसे द्यावे, हे रूथच्या पुस्तकाच्या 2ऱ्या अध्यायात फार सुंदर दाखवले आहे. परदेशातून आलेली ती विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचायला येते. कापणीत मागे राहिलेली कणसे गरिबांसाठी ठेवावीत, हा तेथील नियमच होता (लेवीय 19:9). बवाज त्याहून पुढे जातो. तो गड्यांना सांगतो की, पेंढ्यांतली काही कणसे मुद्दाम टाकत जा, ती वेचू द्या आणि तिला धमकावू नका. रूथला दान मिळाले नाही. तिला तिच्या कष्टाचे फळ जरा अधिक मिळाले, आणि ते कोणी मुद्दाम टाकले हे तिला कळूही दिले नाही. आपणही असेच पाहावे. मजुराच्या मुलाला फी देताना फोटो काढू नये. केळीच्या बागेत घड उतरवल्यावर खाली राहिलेल्या फण्या 'घेऊन जा' म्हणून हाती कोंबण्याऐवजी 'यातून लागतील त्या निवडून घ्या' म्हणावे. निवडणाऱ्याचा मान निराळा असतो.

पाचवी पायरी: शेजार

उन्हाळ्यात बिबडे, पापड, शेवया करायला गल्लीतल्या बाया एकमेकींकडे पाळीपाळीने जातात. ज्यांना शेजारधर्म शिकायचा आहे, त्यांनी ही जुनी रीत पाहावी: बोलावणे नेमके असते, काम नेमके असते आणि परतफेड ठरलेली असल्यामुळे कोणी कोणाच्या उपकाराखाली राहत नाही. आजारपणात, बाळंतपणात, मयतीत हाच नेमकेपणा आणावा. 'काही लागले तर सांगा' या वाक्याने मदतीची सगळी मेहनत दुःखी माणसावर पडते. त्याऐवजी 'उद्या सकाळचा डबा मी पाठवतो, भाकरी चालेल की पोळी?' असे विचारावे. दवाखान्यात भेटायला गेल्यास दहा मिनिटांत निघावे, औषधांविषयी सल्ला देऊ नये, दुसऱ्या कोणाच्या तशाच आजाराची कथा सांगू नये. प्रार्थना करावीशी वाटली, तर आधी विचारावे; नको म्हटले तर मनात करावी.

लूकच्या 10व्या अध्यायातला, लुटारूंनी मारून टाकलेल्या माणसाला इतर जण ओलांडून गेले तरी थांबून मदत करणारा शोमरोनी मनुष्य आपल्या सर्वांना ठाऊक असतो, पण त्याचे शेवटचे वागणे दुर्लक्षिले जाते. जखमी माणसाला उतारशाळेत पोहोचवल्यावर तो दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेने निघाला. जाताना त्याने मालकाला दोन दीनार दिले, म्हणजे त्या काळच्या मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन असे सांगितले. आपण जे करू शकतो ते त्याने केले, उरलेले दुसऱ्यावर सोपवले आणि परत येण्याचा शब्द दिला. नवागत बहुधा येथे दोन टोकांना जातात: एक तर वाटेने तसेच निघून जातात, नाही तर उतारशाळेतच राहून स्वतःचे घर विसरतात. नंदुरबार जिल्ह्यात नवापूरजवळ चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय आहे. रुग्णाला वेळेवर अशा ठिकाणी पोहोचवणे, बरोबर कागदपत्रे देणे, त्याच्या घरी म्हातारीला कोण पाहते आहे याची चौकशी करणे, एवढे केले तरी शेजाऱ्याचे कर्तव्य मोठ्या अंशी पार पडते. ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेल्या कुटुंबांची म्हातारी माणसे मागे गावात एकटी असतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या मंडळींनी आठवड्यातला एक दिवस त्यांच्या दारी जाण्यासाठी ठरवून ठेवावा.

सहावी पायरी: भांडण झाल्यावर

भाऊबंदकी, बांध आणि पाण्याची पाळी ही आपल्याकडच्या भांडणांची तीन मोठी कारणे आहेत. ख्रिस्ताने यासाठी रीत घालून दिली आहे आणि ती अगदी व्यवहारातली आहे. मत्तय 18:15 प्रमाणे, ज्याने अपराध केला त्याच्याकडे आधी एकट्याने जावे. पारावर, मोबाईलच्या ग्रुपवर किंवा पाळकांकडे तो विषय आधी गेला, की समोरच्याला मागे हटायला जागा उरत नाही. आणि मत्तय 5:23-24 प्रमाणे, आपल्याविरुद्ध कोणाच्या मनात काही आहे असे वेदीजवळ आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करायला जावे. म्हणजे चूक त्याची असो की माझी, पहिले पाऊल माझ्याकडेच येते. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी वही उघडून हे पाहण्याचा नेम ठेवावा.

क्षमा मागताना आपण काय केले ते नाव घेऊन सांगावे, त्याने काय झाले ते सांगावे आणि भरपाई शक्य असेल तर ती सांगावी. वाक्यात 'पण' आला की तेथे थांबावे. 'मी पाणी वळवले, पण तुम्हीही मागच्या वर्षी' ही क्षमा नव्हे, जुन्या भांडणाचे नवे वाक्य आहे. समोरच्याने क्षमा केली नाही, तर रागावू नये. त्याला त्याचा वेळ लागेल.

ममता म्हणजे आपला हक्क सोडणे नव्हे. बांध कोरला गेला असेल, तर सरकारी मोजणीचा अर्ज करावा आणि तसे भावाला आधी सांगावे; मोजणीच्या दिवशी त्याच्याही घरी चहा पाठवावा. अर्ज करणे आणि चहा पाठवणे यांत विसंगती नाही.

आणि एक गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगतो, कारण या बाबतीत मंडळ्यांकडून चुकीचा सल्ला दिला गेल्याचे मी ऐकले आहे. नवरा मारतो, सासरचे छळ करतात, अशा बाईला 'सहनशील राहा, प्रार्थना कर' एवढेच सांगून परत पाठवणे ही ममता नाही. जूच मान कापत असेल, तर ते आधी उतरवतात. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा कायदा 2005 सालापासून आहे. महिला हेल्पलाईनचा क्रमांक 181 आणि तातडीच्या मदतीचा 112 आहे. तिला रात्री राहायला जागा द्यावी, पोलीस ठाण्यात जाताना कोणीतरी बरोबर जावे, आणि क्षमेची गोष्ट ती सुरक्षित झाल्यावर, तिने स्वतः काढली तरच बोलावी.

सातवी पायरी: चुकाल तेव्हा, आणि तीन महिन्यांनंतर

चुका होतीलच. गलतीकरांस पत्रात ममतेला फळ म्हटले आहे, आणि केळीला घड लागायलाही महिने जातात. चूक झाली त्या रात्री ती वहीत लिहावी, दुसऱ्या दिवशी त्या माणसाशी बोलावे आणि रोजच्या प्रार्थनेत त्या तीन माणसांची नावे घ्यावीत. नाव घेऊन प्रार्थना केलेल्या माणसावर सकाळी ओरडणे जरा अवघड जाते, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो. वही कोणाला दाखवू नये. दमून गेलात, तर रविवारी दुपारी कोणाच्याही कामाला न जाता झोपावे. प्रभूही गर्दी सोडून एकांती जात असे.

तीन महिने झाले, की घरातल्या त्याच माणसाला तोच प्रश्न पुन्हा विचारावा, आणि पहिल्यासारखेच गप्प बसून ऐकावे. मी विचारले तेव्हा आखाजी जवळ आली होती आणि पत्नी गच्चीवर बिबडे वाळत घालत होती. पहिल्या उत्तराची आठवण तिला होती की नाही, कोण जाणे. ती म्हणाली, 'परवा तुम्ही आलात ते मला कळलेच नाही. मुलांचा गोंधळ इतका होता, की चपलांचा आवाज ऐकूच आला नाही.'